शक्यता गुणिले गंभीरता

फॉर्मात सात रकाने आहेत.
धोका कोणता, कोणाला, शक्यता किती, गंभीरता किती,
दोन्हींचा गुणाकार, उपाय,
आणि शेवटी सही.
हॅलिफॅक्सच्या कॉलेजात दर मार्चमध्ये मी तो भरते
चहा गार होईपर्यंत.

पायात येणाऱ्या वायरी : तीन गुणिले दोन, सहा.
काळी चिकटपट्टी, दाराशी रबरी पट्टा.
स्पीकरचा खांब : एक गुणिले पाच.
वाळूच्या पिशव्या, आणि बेसवाल्या टोबिनने
त्याला रेलून उभं न राहणं. तीनदा सांगून झालंय.
धुराचं यंत्र : मिस्टर ॲकरॉइडना आधी कळवणं,
नाहीतर गेल्या वर्षीसारखी घंटा वाजायची
आणि अख्खं सभागृह पार्किंगमध्ये, गारांत,
कोणी चेलो पोटाशी धरून.

मुलं मला व्ही म्हणतात.
वैजयंती त्यांच्या दातांत अडकते.
व्ही, तू खुर्चीलासुद्धा घाबरतेस.
हो, घडीच्या. बोटं जातात तिच्यात.

माझे वडील इचलकरंजीत मागावर जॉबर होते.
उजवी करंगळी अर्धी.
पट्ट्यावर जाळी बसली ती नंतर,
आणि करंगळी कोणत्याच रकान्यात नाही.
हे मी मुलांना सांगत नाही.
आकडे मात्र खरे भरते.

हेडसेटवरून इशारे द्यायला जेथ्रो.
सतरा वर्षांचा. कॅन्टीनमध्ये चिप्स मागताना
'च'पाशीच थांबतो, मागची रांग छत न्याहाळते.
पण इथे शब्द दोनच, 'तयार' आणि 'गो',
वहीत पेन्सिलीने, वेळेसकट लिहिलेले.
काम त्यानंच मागून घेतलं.
सगळ्या तालमींत एकदाही अडला नाही.
फॉर्मात मी त्याचं नाव घातलं नव्हतं.
खरं सांगायचं तर घातलं होतं. मग खोडलं.

शुक्रवार, साडेसात.
दोनशे वीसची परवानगी, दोनशे बारा डोकी.
दिव्यांवरची मुलगी तापाने घरी, म्हणून दिव्यांवर मी.
अकराव्या इशाऱ्याआधी स्टेज काळं.
मधोमध तेमिलोलू, एकटी,
आजोबांवर स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन.
कानात जेथ्रो : 'अकरा, तयार.'
मग त्याचा श्वास.
मग 'ग'.

नुसता 'ग'.
धोटा मागात मध्येच अडकावा तसा.
मला दिवा लावता आला असता. बोट कळीवरच होतं.
चार. पाच.
अंधारात उभी मुलगी : शक्यता पाच,
गंभीरता काय लिहायची?
मी बोट उचललं नाही, दाबलंही नाही.
सहा.
मागे कोणाचा तरी खोकला गप्प झाला.
'बाहेर' लिहिलेल्या हिरव्या पाटीच्या उजेडात
तेमीचा एक खांदा दिसत होता,
श्वास भरताना वर गेलेला.
सात.
'…ओ.'

नंतर एका बापानं येऊन विचारलं,
तो लांबलेला अंधार कोणाची कल्पना?
मी म्हटलं, आमच्या स्टेज मॅनेजरची.
जेथ्रो जमिनीवर वायरी गुंडाळत होता,
एक वेढा वरून, एक खालून, पीळ न पडू देता.
'उ-उशीर झाला,' तो म्हणाला. त्यालाही उशीरच लागला.
'झाला,' मी म्हटलं. 'सात सेकंद. मोजले मी.'
त्यानं वर पाहिलं.
कानामागची पेन्सिल काढून
वहीत अकरासमोर काहीतरी लिहिलं,
आणि वही उलटी ठेवली.

अपघाताच्या नोंदवहीत मी तारीख घातली,
'काही घडलं नाही' असं लिहून सही केली.

शनिवारी दुसरा प्रयोग.
अकरा, तयार.
अंधार. खांदा.
मी मोजत होते, चार, पाच,
तो अडला होता की मोजत होता, कळायला मार्ग नव्हता.
सात.
'गो.'