ळ

नऊ मतांनी पाडला होता मी त्याला,
त्र्याहत्तर साली, वाडिया कॉलेजात, जी. एस.च्या निवडणुकीत.
वदीअ सब्बाग. आडनावाचा अर्थ रंगारी, तोच सांगायचा.
नावाच्या शेवटी घशातलं एक अक्षर होतं,
ते आम्ही कुणी कधी काढलंच नाही.
‘वदी’ म्हणायचो. फार लाडात आलं कुणी, तर ‘वद्या’.

कोरेगाव पार्कात एका पारशिणीकडे त्याची खोली,
भाड्याची सायकल, मागचा ब्रेक नसलेली.
हॉस्टेलात दारोदार फिरला प्रचाराला.
ज्याचं त्याचं गाव विचारून वहीत लिहायचा,
कवलापूर, औंढा, चांदूरबाजार,
आणि महिन्याने कँटीनमध्ये गाठून म्हणायचा,
‘औंढ्याच्या विहिरीला लागलं का पाणी?’

मी वहीबिही काही केली नाही.
मी एक कोटी केली.
जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं,
‘ज्याला ळ म्हणता येत नाही, त्याला मत?’
खाली कुणीतरी जोडलं: कमल, बाल, टिलक रोड.
पोरं हसली. तेवढं पुरतं.
निकाल लागला तेव्हा हात मिळवायला पहिला तोच आला,
मोडक्या मराठीत म्हणाला,
‘अभिनंदन. अक्षर चांगलं निवडलंस.’

पदवी घेऊन तो गेला, आणि तिकडे युद्ध पेटलं.
शहात्तरच्या दिवाळीत पत्र आलं,
वाटेत कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं.
बैरुतच्या रस्त्यांवर नाकी बसलीत, लिहिलं होतं,
बंदूकवाला टोमॅटो पुढे धरतो, विचारतो, याला काय म्हणतोस?
एका स्वराचा फरक असतो, आमच्यात आणि त्यांच्यात.
माझ्या पुढच्या गाडीतल्या माणसाचा स्वर चुकला.
तुझी आठवण झाली.
आणि खाली सही.

मी उत्तर लिहायला घेतलं.
अजून घेतलेलंच आहे.

पुढचं सगळं फिरोजकडून कळायचं, तो दुबईला असायचा.
वदी नगरपालिकेत.
वदी खासदार, त्याच्या पंथासाठी राखलेल्या खुर्चीवर.
वदीच्या गाडीखाली बॉम्ब; ड्रायव्हर गेला, वदीचा डावा कान गेला.
वदी वीजमंत्री, सात महिने,
जिथे दिवसाला चार तास वीज, तिथला.
राजीनाम्यात म्हणे एकच ओळ होती:
‘जनरेटरवाल्यांना त्यांचा मंत्री वेगळा नेमून द्या.’
पुढची निवडणूक हरला, सणसणीत.
मी तोवर सहकारी बँकेत हेड कॅशियर.
जी. एस. म्हणून माझी कारकीर्द: एक गॅदरिंग,
आणि वाचनालयात दोन पंखे, त्यातला एक फिरायचा.

मग एका जानेवारीत तो आला. कसलीशी परिषद होती.
दोन तास काढून सहकारनगरला, आमच्या फ्लॅटवर,
पांढरा झालेला, जिना चढून धापा टाकत.
नेमके दिवे गेले. ही मेणबत्ती शोधायला लागली,
तर म्हणाला, ‘बसा वहिनी, मला सवय आहे.’
खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात
बशीकडे बोट करून म्हणाला,
‘गुळाची पोळी. टिळक रोडवरची?’

तिन्ही ळ. जीभ मागे वळवून, टाळूला नीट टेकवून,
आमच्या नातवाला अजून जमत नाहीत तसे.
मग चांगला कान माझ्याकडे करून तो थांबला.
माझ्या बोलण्यासाठी की दिव्यांसाठी, कळलं नाही.
मी म्हणालो, ‘तूप घे.’

परवा फिरोजचा फोन. वदी झोपेत गेला.
तिथल्या राजकारणात, म्हणाला, हे मोठंच पद.

दुपारपासून बाल्कनीत बसून त्याचं नाव म्हणून बघतोय,
अख्खं, त्या शेवटच्या अक्षरासकट.
घसा आवळतो, सुटतो,
नुसता ठसका लागतो.
आतून ही विचारते, पाणी आणू का.