गाळलेली जागा

मेस्त पाश्कूची वही अजून व्हायोलिनच्या पेटीतच असते,
तारांच्या पुडीखाली, कडा वाळवीने कुरतडलेल्या.
पान सव्वीस: सुके बांगडे दोन शेकडा, मीठ एक गोण,
कायतानकडून येणे रुपये साडेतीन.
आणि त्याच्याच खाली, त्याच शाईत,
देवनागरीत उतरवलेलं
आमच्या कुठल्याच भाषेत न लागणारं एक गाणं.

उभादांड्याला ती नऊच दिवस होती.
घाटावरच्या पोलिश छावणीतून
खोकल्याला खारी हवा बरी, म्हणून सिस्टरांनी आणलेली.
नाव यादविगा. गावाने त्याचं यादवी केलं.
युद्धात घर गेलेल्या पोरीला
आपण काय नाव दिलं
हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आठ सप्टेंबर. सायबिणीचा जन्मदिवस.
पोरांनी भाताची कोवळी कणसं तिच्या पायाशी ठेवली
तेव्हा यादविगा हातवारे करून सांगू लागली
की त्यांच्याकडे याच दिवशी पेरतात.
मूठ उघडून दाखवली. रिकामी.
मग गायली.

वर चढायची घाई नसलेला सूर,
बंदराच्या पायऱ्यांसारखा मधोमध झिजलेला.
सिस्टर म्हणाल्या, पाचशे वर्षांचं तरी असेल,
लढाईला निघालेले गायचे.
मागणं एवढंच, की आई,
तुझ्या लेकाकडे आमच्यासाठी शब्द टाक.

"काय म्हणता गो ती?" मागच्या बाकावरून रेमेदीन.
"कोणाक म्हायत. पण सायबिणीकच म्हणता."

मेस्ताला ओळखीचा लागला तो एकच शब्द, किरिये,
जो तिचा नव्हता, आणि आमचाही नव्हता.
बाकीचं तो कानाला येईल तसं लिहीत गेला,
जोडाक्षरांवर जोडाक्षरं,
टाक दोनदा मोडला.
तिसऱ्या ओळीत तिला ढास लागली
आणि एक शब्द निसटला.
बोटभर जागा सोडली त्याने,
उद्या विचारून भरू म्हणून.
उद्या पहाटेच गाडी गेली.

आम्ही गातो अजून, दर नव्याच्या फेस्ताला.
उच्चार चुकत असणार,
ऐकून हसेल असं कोणी इथे येत नाही.
बोटभर जागेपाशी आलो की थांबतो सगळे,
आणि दरवर्षी तिथे कोणीतरी खोकतं.
मुद्दाम नाही.
गेल्या साली माझी धाकटी.

फादर म्हणाले, भरून टाका काहीतरी,
आईलाच म्हणायचंय, ती समजून घेईल.
पेन्सिल घेऊन बसले मी. पान सव्वीस उघडलं.
कायतानचे साडेतीन रुपये
अजून यायचेच आहेत.