निचरा

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
दुपारी चारची पाळी, खुर्ची नंबर चार.
हेडाऊ सर चपला काढून काट्यावर उभे राहतात,
खिशातला कांदासुद्धा बाहेर ठेवून.
"अडीच किलो वाढलं, सर."
"पाणी आहे व ते," सर म्हणतात,
"मास्तराच्या अंगावर मांस कुठून येईन?"

मे महिन्यात त्यांना दिवसाला अर्धा लिटर.
शेहेचाळीस अंशांत.
गोलीबार चौकातल्या घरी
सुनेनं माठ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलाय
आणि सर बर्फाचा एक खडा जिभेवर पुरवतात,
शेवटचा खडू पुरवावा तसा.

सुईआधी मी त्यांच्या हाताला बोटं लावते.
कातडीखाली रक्त गुणगुणतं,
भिंतीपलीकडे माग चालू असल्यासारखं.
सर खिडकीकडे बघतात.
तिथे सलाईनच्या बाटलीत कुणी लावलेली वेल.
परवाच मी तिला भिंतीकडे फिरवली होती.
"पुन्हा वळली," सर म्हणतात.
"डोये नाही, मेंदू नाही,
पण उजेडाचा तास चुकवत नाही."

चार तास. पंप फिरतो, सर शिकवतात.
"झाडाले किडनी राहत नाही, पोरी.
नको ते सारं पिकल्या पानात भरते
अन् पान सोडून देते.
बाभूळ डिंकात टाकते.
धोप्याचं पान घशात खाजते ना,
त्या त्याच्या साठवलेल्या सुया.
पाल पाहा, एवढासा पांढरा ठिपका,
थेंबभर पाणी वाया जाऊ देत नाही.
अन् मी? मी तुह्या नळीत."

आमच्या शाळेत हा धडा बाईंनी घाईत उरकला होता.
लघवी हा शब्द मोठ्यानं कोण वाचणार?
मुलं हसली होती. मीही.
आता रोज पाच माणसांना विचारते, किती झाली?
मोठमोठे बाप्ये
लाजाळूसारखे जागच्या जागी मिटतात.
"नाही झाली. होळीपासून नाही."

नाग नदी इथून दिसत नाही, वास येतो.
साऱ्या शहराचं तिच्यात.
ती कुठे सोडत असेल, मी एकदा विचारलं.
सरांनी बर्फ या गालातून त्या गालात नेला.

त्या गुरुवारी साडेसातला लाईट गेली.
कूलर थांबले. जनरेटर खोकला आणि बसला.
यंत्राची बॅटरी केव्हाचीच म्हातारी.
लाल नळी होती तिथंच उभी राहिली.
बाहेर आलेलं रक्त फार वेळ वाट बघत नाही.
मी दांडा उलगडला, फिरवू लागले,
हातानं, सावकाश, न थांबता.

"घाबरू नको," अंधारातून सर.
"बाहुल्या मोठ्या होऊन राहिल्या. दिसन."
आणि आधी त्यांचा चष्मा दिसला,
मग नळी, मग माझे हात.
डोळ्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

कपाळावरून एक थेंब निघाला,
नाकाच्या शेंड्यावर थबकला,
त्यांच्या मनगटावर पडला.
पुसायला माझा हात मोकळा नव्हता.
सरांनी दुसऱ्या हाताचं बोट त्यावर टेकवलं,
बराच वेळ टेकवून ठेवलं.

"घाम," ते म्हणाले,
"मस्त येते व तुले."

मी फिरवत राहिले.