एकावर पूज्य

बिश्केकहून निघताना पिशवीत तीन ठसे होते,
हिरवा, पिवळा, लाल,
आणि एकोणचाळीस रकान्यांचा तक्ता.
शेती, वन, पशुकल्याण :
कोणतं खातं किती पाण्यात आहे
हे मला अकरा दिवसांत ठरवायचं होतं.

कोक-सायचा जनावरांचा डॉक्टर ओसकोन
लशी ठेवतो घरच्या फ्रीजमध्ये,
जर्दाळूच्या मुरंब्याशेजारी,
आणि वीज गेली की डब्यात घालून ओढ्यात, दगडाखाली.
"रकाना सतरा," मी म्हटलं, "शीतसाखळी."
"लिहा," तो म्हणाला, "ओढा थंड आहे."

गेल्या हिवाळ्यात तो गोठ्यागोठ्यातून हिंडला,
रक्ताच्या नळ्या कोटाच्या आतल्या खिशात,
गोठू नयेत म्हणून छातीशी.
एक्केचाळीस मेंढ्यांत ब्रुसेला निघाला.
नऊ घरांत त्याने शिव्या खाल्ल्या,
एका म्हातारीने अंगावर कुत्रं सोडलं.
त्याचे एक्केचाळीस मी चोविसाव्या रकान्यात भरले.
आढळलेले रोगी. कमी तितकं उत्तम.
लाल.

तिथल्याच मिरलानने मला उतारावर नेलं.
कागदावर बारा हजार स्प्रूस.
"खड्डे मोजू की झाडं?"
तक्त्यात खड्डे होते.
तो तरी झाडंच मोजत गेला, मोठ्याने,
गुडघाभर, वीतभर, बोटभर,
शेळीने शेंडा खाल्लेलं, पण मुळाशी हिरवं, तेही.
तीनशे अठरापर्यंत मला ऐकू आलं.
मग मी जीपच्या काचा वर केल्या, वारा फार होता.

घाट ओलांडला की तुरा-बेल.
तिथला प्रमुख तालाइबेक आकडे पाढ्यासारखे म्हणायचा.
रोगी जनावरं, पूज्य.
मोकाट कुत्र्यांच्या तक्रारी, पूज्य.
तक्रारवहीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस,
आणि नुसतंच पूज्य असेल तर
पहिला नंबर.

कोपऱ्यात नळ्यांचं खोकं होतं, सीलबंद.
खोटं कशाला बोलू, मी पाहिलं ते.
पण चाळिसावा रकाना नव्हता.

मग यर्टमध्ये जेवण.
उपेलने शेळीच्या दुधाचा वाडगा पुढे केला, धारोष्ण,
वर फेस.
"तापवायचं कशाला? आमच्याकडे रोगच नाही."
दोन वाडगे प्याले.
हिरवा ठसा उमटला तो असा सुरेख,
एक रेघ फुटली नाही.
बक्षीस म्हणून त्यांना फ्रीज मिळाला,
लशींचा, दोनशे लिटरचा.

निकालानंतर ओसकोनचा फोन येईल असं वाटलं होतं.
आला नाही.

ऑक्टोबरात ताप आला.
तिन्हीसांजेला चढायचा, पहाटे घामात उतरायचा,
आठवडाभर गप्प बसून पुन्हा चढायचा.
कमरेत, गुडघ्यात कुणी यर्टच्या खुंट्या ठोकतंय
असं वाटायचं.
डॉक्टरीण म्हणाली, "कच्चं दूध कुठे प्यालात?"
मला हसू आलं. तिला वाटलं, ताप डोक्यात गेला.

नळीतलं रक्त माझं होतं.
तिसऱ्या दिवशी रोगाचं नाव आलं.
कारकुनाने नोंदवही उघडली, पत्ता विचारला,
लिहू लागला : बिश्केक, एक.
"अहो, तो एक तुरा-बेलचा आहे," मी म्हटलं, "तिकडे लिहा."
"जिथे सापडतो तिथे लिहितात, बाई,"
तो वर न बघता म्हणाला,
"तुमच्याच खात्याचं परिपत्रक आहे."

सहा आठवडे गोळ्या.
चौथ्या आठवड्यात मीच कोक-सायला फोन लावला.
ओसकोनने सगळं ऐकून घेतलं,
मागे कुणीतरी मेंढ्यांना हाकलत होतं.
तुरा-बेलबद्दल तो काही बोलला नाही.
म्हणाला, "इकडे त्रेपन्न झालेत.
नळ्या संपल्या, आयचुरोक-एजे.
कुठे खोकंबिकं पडून असेल तर पाठवा."