खोली नंबर अकरा

वसमतच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रेच्या मागं, सायकल स्टँडकडं तोंड करून
एक खोली आहे.
दारावर पाटी : मैत्री.
मला वाटायचं, बायकांचा बचत गट असेल.

आमच्या आयटीआयच्या बॅचला सगळं ठाऊक.
कुठल्या टपरीवर उधारी चालते,
कुठल्या झेरॉक्सवाल्याकडं मागच्या वर्षीचे पेपर मिळतात,
परभणीच्या गाडीत कुठल्या डब्यात टीसी येत नाही.
आणि ते दुसरं,
जे विचारायचं कुणाला हेच कळत नव्हतं,
ते रुळालगतच्या भिंतीवर रंगवलेलं होतं,
मोबाइल नंबरासकट.

दिगंबर गेला त्या नंबरावर.
नांदेडला, लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर.
बाराशेची पुडी. मग आणखी बाराशेची.
शेवटी मोबाइल विकला
अन घरी सांगितलं, बसस्टँडवर चोरीला गेला.
त्याला झालं काय होतं
ते त्यालाही कळलं नाही, मलाही.

एप्रिलात ठेकेदारानं मला शिडी देऊन धाडलं :
अकरा नंबरची ट्यूब बघ.
आत तस्लीम मॅडम.
रजिस्टर. निरोधचे खोके, चिकटपट्टी न निघालेले.
एक खुर्ची त्यांची, एक रिकामी.
मी वर तारा सोलत होतो
अन खाली बघायचं नाही म्हणून
भिंतीवरचं सगळं वाचून काढलं.
मोफत. वय दहा ते एकोणीस. नाव बाहेर जात नाही.
माझं वय अठरा, वर सात महिने.

ट्यूब लागली. मॅडम म्हणाल्या,
दारावरचा बल्बही बघ की,
दोन वर्षं झाली, पाटीच दिसत नाही कुणाला.
म्हणलं, या महिन्यात किती आले?
म्हणाल्या, तुला धरून?
मी शिडी उचलली.

त्यानंतर दोनदा गेलो.
एकदा सायकल स्टँडपर्यंतच.
केसपेपरच्या रांगेतून मावशीची नणंद ओरडली,
काय रे, कुणाचं काय दुखतंय?
दुसऱ्यांदा खिशात टेस्टर ठेवला,
कुणी हटकलंच तर दाखवायला.

भर दुपारी बल्ब चालू होता.
मॅडमनी मान वर केली नाही लगेच.
पायानं रिकामी खुर्ची जराशी पुढं ढकलली
अन विचारलं, आज काय बिघडलंय?

टेस्टर टेबलावर ठेवला.
म्हणलं, वायरिंगचं नाही.
बाहेर दिगंबर उभाय.
त्याला मागच्याच महिन्यात वीस पूर्ण झाली,
चालतंय का?

मॅडम उठल्या,
एक्स-रेतून आणखी एक खुर्ची आणायला.