दीड आटा

नवी डाय थर्माकोलच्या खोक्यातून आली,
टोपीवर बारीक रेघा,
एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा.
साहेब म्हणाले, चार नंबरच्या प्रेसवर चढवा,
दुपारची शिफ्ट लागायच्या आत.

चार नंबर म्हणजे फिरती प्रेस.
दांडा एकदा ओढला की पितळी पुंगळी
ठिकरी खेळणाऱ्या पोरीसारखी एक घर पुढे.
तिसऱ्या घरात दारू घेते,
चौथ्यात तिच्या तोंडात गोळी बसते.
डाय या चौथ्या घराची.

मी फिरवली. आटे गोड लागले, कुठे अडलं नाही.
वरून नट घालायला गेले
तर बाहेर उरलेला फक्त दीड आटा.
हेड जाड, डाय आखूड.
दीड आट्यावर नट
म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकलेला पाहुणा,
चहा येण्याआधीच उठेल.

पेरुमल मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
खडकी बाजारातच जन्मले,
तरी मराठी बोलतात ती डबकी चुकवत चालल्यासारखी,
प्रत्यय इकडे, क्रियापद तिकडे.
"कुंदा, नट वरच पायजे कोण बोलला?"

म्हणजे खालून.
म्हणजे हेड पूर्ण सोडवून उलटं करायचं,
म्हणजे साहेबांची दुपार गेली.

लेथवर नट सोलला, चार मिलिमीटर ठेवला,
निळसर कुरळा कीस ट्रेमध्ये पडत राहिला.
औंधच्या आयटीआयत मला कुणी सांगितलं नव्हतं
की नव्या सामानासाठी आधी जुन्याला पातळ व्हावं लागतं.
मास्तरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला
आणि रिकामाच परतला.
बिडीबंडल गेटवर जमा, काडेपेटीसकट, बत्तीस वर्षं.

मग बिनदारूच्या वीस.
पहिली बरोबर. दुसरी तीन रेघा वर.
तिसरी बरोबर, चौथी पुन्हा वर.
डायवर शंका घेऊन मी ती दोनदा काढली, पुसली.
मास्तरांनी नुसता हेडवर अंगठा ठेवला
आणि म्हणाले, ओढ.
मी ओढलं.
"हा श्वास घेतोय," म्हणाले.
खाचेत हेडच हलत होतं, केसाएवढं.
पितळी पत्री कातरली, सरकवली.
श्वास थांबला.

डायल गेजवर एकेक ठेवत मी विचारत गेले,
किती आत बसली? किती आत?

हाच प्रश्न मी एकदा फोनवर विचारला होता.
आत्या गडचिरोलीच्या इस्पितळातून बोलत होती,
संपतला गोळी बसली म्हणाली,
आणि माझ्या तोंडून गेलं, किती आत?
कुठे नाही. कसा आहे नाही.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर,
मग आत्यानं फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

वाचला तो. मांडीत होती.
आता दापोडीला झेरॉक्सचं दुकान आहे, थोडा लंगडतो,
मला बघितलं की अजून म्हणतो,
"ताई, शंभरावा हिस्सा बरोबर होता का गं?"
आणि हसतो.
आत्या हसत नाही.

मास्तरांना हे सांगितलं नाही.
विसाच्या वीस सारख्या निघाल्या,
त्यांनी ट्रे उजेडाकडे धरला,
डोळा बारीक करून रांगेवरून नजर फिरवली,
गवंडी ओळंबा बघतो तशी,
आणि रजिस्टरात लिहिलं: डाय बसली.
खाली माझी सही घेतली, माझी, त्यांची नाही.
"तूच बसवला ना," म्हणाले.

सही केली. हात धुतले,
पितळेचा वास साबणानं जात नाही.

भोसरीच्या बसमध्ये गर्दी.
एक बाई पिशवी मांडीवर घेऊन आत सरकली,
म्हणाली, बसा.
मी कडेला टेकले,
दीड आट्यावर.