न कापलेली पानं

रविवारी जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि जोडीदार हरवलेले बूट
यांच्या मधोमध ती पडली होती,
मठातल्या गोष्टी, भाग दुसरा.
वासराच्या कातड्याची बांधणी, कण्यावर पाच उंचवटे,
सोनेरी अक्षरं अजून जागी.
मुश्ताक म्हणाला, "वजनावर घ्या."
मी चेहरा रद्दीवाल्यासारखा ठेवला,
हात मात्र ऐकेनात.

पहिला आणि तिसरा भाग माझ्याकडे आहेत,
नवी पेठेत, काचेच्या कपाटात, वेखंडाच्या वासात.
बावीस वर्षं त्या दोघांमध्ये
मी चार बोटं अंधार राखून ठेवला होता.
वत्सला म्हणाली, "आता तरी झोपशील."

गोष्टी कुणाच्या, तर ज्यांनी
एका गावी दुसरी रात्र काढली नाही,
मुंग्यांची रांग दिसली की वाट सोडली,
भिक्षेचं अन्न नदीत बुडवून खाल्लं
चव लागू नये म्हणून.
आणि त्यांच्यावर हे वासरू.
कुण्या हौशी संस्थानिकानं चढवलेलं.
मीही ते दर दिवाळीत मऊ फडक्यानं पुसतो,
तक्रार कोणत्या तोंडानं करू?

हुपरीकरांना फोन केला.
"पानं कापलीत का?"
नाही. वरची कड जोडलेली, छापखान्यातून आली तशीच.
"मग सुरी लांब ठेवा. तिप्पट किंमत."
म्हणजे सव्वाशे वर्षांत
एकानंही वाचलं नव्हतं.

रात्री पान फुगवून खालून डोकावलो,
शेजाऱ्याच्या खिडकीत बघावं तसा.
एका शिष्यानं झोळीच्या शिवणीत सुई लपवली होती.
एक सुई. तेवढाही संग्रह चालत नसे.
गुरूंना कळलं. सगळे गोल बसले.
शिष्याने सुई पुढें ठेविली, तेव्हां गुरु
आणि इथे घडी.
मी मान वाकडी केली, टॉर्च आणला,
घडीत फक्त सावली.

अडीच वाजता स्वयंपाकघरातून सुरी आणली.
कांद्याचा वास होता तिला.
कागद अगदी हळू फाटला,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज.

गुरूंनी आपली विरलेली छाटी काढली,
त्याच्या मांडीवर टाकली,
म्हणाले, "उजेड आहे तोंवर शीव."

बराच वेळ मी तसाच बसून.
टेबलावर कागदाचा भुसा,
हुपरीकरांचा आकडा त्यातच कुठेतरी.
दाराशी वत्सला, चष्मा न लावता.
मी तिला तेवढं वाचून दाखवलं.
झोपायला जाईल असं वाटलं,
तर स्टूल ओढून बसली.
"पुढे?"
पुढचं पान जोडलेलं होतं.
सुरी तिच्याच हाताशी होती.